चिंबोरीची साक्ष

दिनानाथने आयुष्यात एकच वाईट गोष्ट केली. बायकोला खूश ठेवण्यासाठी तो खोटं बोलला, आणि तेही कडधान्यांबाबत.

पेणच्या कारखान्यात गणपतीच्या हाताची बोटं घडवावीत ती त्याच्या बायकोने, चंद्रावतीनेच. ओल्या शाडूवरून तिचा अंगठा फिरला की मातीचं बोट आता हलेलसं वाटे. गेल्या पावसाळ्यात पत्र्याच्या कडेने तिचं उजवं मनगट कापलं आणि आतली नस तुटली. डॉक्टरांनी ती शिवली, पण बोटं बधिर झाली. तव्याचा चटकासुद्धा कळेना. पुढे थोडी जाग आली, तीही उलटीसुलटी. अंगठ्याशेजारच्या बोटाला काही लागलं की तिला ते मधल्या बोटाला लागल्यासारखं वाटायचं.

"नस जुळतेय," डॉक्टर म्हणाले, "पण निरोप भलत्याच दारी जातायत. मेंदूला नव्याने शिकवावं लागेल. डोळे मिटून ओळखायचं, मग उघडून बघायचं. चुकलं तर चुकलं म्हणायचं."

मग रोज दुपारी ओटीवर शाळा भरू लागली. चंद्रावती डोळ्यांवर पदर धरी, दिनानाथ तिच्या बोटांत कधी वाल, कधी मूग, कधी खडेमीठ देई.

"वाल," ती म्हणे.

"व्हय गो, वालच!" आणि ती डोळे उघडायच्या आत हा पठ्ठ्या मूग काढून वाल ठेवी.

एकदा सून नम्रताने ते पाहिलं. "बाबा, मूग होता तो!"

चंद्रावती भडकली, आणि भडकणारच. "हंगाम तोंडावर आलाय. मी परत बोटं घडवणार म्हणून मनात मांडे खातेय, आन् तुमी माझ्या मेंदूलाच फसवताय?"

"तुजा चेहरा पडायचा गो. मला बघवायचं नाय."

दुसऱ्या दिवसापासून शाळा नम्रताकडे गेली. तिच्याकडे दयामाया नव्हती. चंद्रावती चुकायची, चिडायची, पुन्हा पदर धरायची. दिनानाथला ओटीवर फिरकायची बंदी होती.

बायकोचा राग घालवायची त्याची एकच रीत. एका सकाळी तो खाडीवरून चिंबोऱ्या घेऊन आला. चंद्रावती त्या धुवायला बसली, तोच एकीने नांगीत तिचं बोट पकडलं.

"आई गो!"

दिनानाथ धावला.

"थांबा, काढू नका!" तिने डोळे घट्ट मिटले. "अंगठ्याशेजारचं बोट. बरोबर?"

"बरोबर," तो घाबऱ्या आवाजात म्हणाला.

चंद्रावतीने डोळे उघडून आधी स्वतः खात्री करून घेतली. ह्या माणसाच्या शब्दावर कोण विसंबणार? चिंबोरी त्याच बोटाला लटकली होती. चंद्रावती हसू लागली, हसता हसता रडू लागली. इतका आनंद तिला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

"दुखतंय हो! जिथल्या तिथं दुखतंय!"

"आता तरी काढू?"

"ऱ्हाऊ द्या जरा. आधी नम्रताला बोलवा."