बिनक्लचची मोटार

बायको गिरजा गेल्याची बातमी एटापल्लीच्या लाकूड डेपोवर आली, तेव्हा केवळराम ड्रायव्हर मोटारीखाली उताणा पडला होता. गियरपेटीचं जुनं तेल घमेल्यात गळत होतं. बातमी आणली गिरजाच्या चुलतभावाने, लटारूने, गडचिरोलीहून रेंगी हाकत. त्याने आधी बैलांना पाणी पाजलं, मग वाकून म्हणाला, "भाऊजी, बाहेर या. बाई ऱ्हायली नाई. तीन दिवसांचा ताप, बस."

हात न पुसताच केवळराम रेंगीत बसला.

गडचिरोलीच्या घरी तेरवी आटोपून तो त्याच रेंगीतून परतला. मोटार चारही चाकांनी विटांवर तशीच उभी होती. भैयाजी ठेकेदाराने नागपुरात जुनी घेतलेली ती लांबलचक अमेरिकन गाडी. आठ माणसं सहज मावत आणि क्लच नव्हता. गियर आपोआप पडत. घमेल्यातल्या तेलात पाच-सहा किडे मरून पडले होते.

त्याच दिवशी ट्रकवाल्या बशीरने सावली गावाहून निरोप आणला. तिथे दिलेली केवळरामची लेक गोकुळा पहिलटकरीण. सासू म्हणत होती, आई नाही तर कसलं माहेर? गोकुळाने सांगितलं होतं, "बाबा, मले घ्याले या." सातवा संपायला चार दिवस उरले होते. आठवा लागला की सासू तिला नदी ओलांडू देणार नव्हती.

भैयाजी म्हणाले, "तेल अन् जाळी पुरी कर, मंग मोटार घेऊन जाय. रेंगीत पोरीची हाडं खिळखिळी होतीन."

केवळरामने गियरपेटीचं तसराळं काढलं. तळाशी काळा गाळ होता. बोल्ट त्याने पळसाच्या पत्रावळीत खोचले, जिथला बोल्ट तिथे. तेल गाळायची जाळी रॉकेलने धुऊन उन्हात धरली, सगळं पुन्हा बसवलं, नवं तेल ओतलं. मापाची दांडी बुडवून पाहिली. बरोबर खुणेवर. मोटार सुरू करून त्याने गियरचा दांडा ओढला. मोटार गुरगुरली आणि जागीच राहिली.

"तिले पत्ता सांगा ना, भाऊ," बशीर बिडी पेटवत म्हणाला. "सावली म्हणा, सावली!"

"चूप राय, बशीर. जाळी उलटी बसली वाटते." केवळराम पाना घेऊन पुन्हा खाली शिरू लागला.

"थांबा. माप कसं पाह्यलं?"

"इंजन बंद करून. वीस वर्षं ट्रकचं तसंच पाह्यतो."

"हे ट्रक हाय का? नागपूरच्या ग्यारेजात मी शिव्या खाऊन शिकलो. इंजन सुरू झालं का तेल वर खेचल्या जाते. चालू ठेवा, मंग पाहा."

चालू इंजिनात दांडी जवळजवळ कोरडी निघाली. केवळराम दुसरा डबा आणायला गेला. फळी रिकामी होती. लटारू बैलांच्या शेपट्या न्याहाळू लागला.

"लटारू?"

"तुमी त्या दिवशी रडून राह्यले होते, भाऊजी. इचारू कसं? चाकाले लावलं थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"आर्धा डबा. पण रेंगी आता कुरकुर करते का, सांगा!"

बशीर पोट धरून हसला. केवळरामलाही हसू फुटलं, गिरजा गेल्यापासून पहिल्यांदा. मग त्याने रेंगीतल्या पेंढ्याखालचा उरलेला अर्धा डबा ओढून काढला. चालू इंजिनात थोडं थोडं ओतत त्याने खूण गाठली. दांडा ओढला, तशी मोटार विटा सोडून हळूच पुढे सरकली.

वैनगंगेच्या रेतीवर उन्हाळ्यापुरते बांबूचे तट्टे अंथरले होते. त्यावरून तो सावलीला पोचला. गोकुळाला घेऊन निघताना तिच्या सासूबाई मोटार आतून पाहायला म्हणून बसल्या, त्या थेट नदीच्या काठाशी उतरल्या.

"क्लच नाई? मंग चालते कशी?" त्यांनी विचारलं.

"आमालेही परवाच समजलं," केवळराम म्हणाला.

सातव्याच्या शेवटच्या दिवशी गोकुळा गडचिरोलीच्या घरी आली. बाळंतपणाला तिच्याजवळ बसणारी बाई अजून मिळायची होती.