बोलणं सुसंगत

अध्यक्ष डॉक्टरांनी टेबलावरून पुढे वाकून तिचा गळा निरखून पाहिला.

"वळ तर गेले," ते म्हणाले. "आता त्रास नेमका कसला?"

त्रास मनाचा होता. ती कामावर झालेली इजाच आहे, हे या तिघांच्या मंडळाला पटलं तरच भरपाई आणि रजा मिळणार होती. नाहीतर सोमवारी पुन्हा तोच वॉर्ड, खिडकीजवळची तीच खाट.

"काय घडलं ते सांगा."

तिची पाठ आपोआप ताठ झाली, आणि पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवावेत तशी ती बोलू लागली. खिडकीजवळच्या खाटेवरचा पेशंट दगावला. मुलाला कळवलं. मुलाने सलाइनच्या नळीने ड्युटीवरच्या सिस्टरचा गळा आवळला. आपण स्वतःबद्दल बोलतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"सोडवलं कोणी?" सदस्य बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. तो दमला, हात सुटले. सिस्टरनी त्याला पाणी दिलं."

"आणि नंतर?"

"राहिलेली इंजेक्शनं दिली."

"शाब्बास!" अध्यक्ष अगदी मनापासून म्हणाले आणि लिहू लागले. स्मरण उत्तम, बोलणं सुसंगत. "तुमच्यासारख्या खंबीर बायकाच हव्यात हो. सोमवारी रुजू व्हा."

घरी बेल वाजली की ती न्हाणीघरात कडी लावून बसते, लेक गळ्यात पडायला आली की तिला ढकलून देते, हे सांगायचं राहूनच गेलं. शहाण्यासारखं बोलण्याच्या सवयीने घात केला, दुसरं काय!

ती बाहेर आली तशी तपासणीसाठी थांबलेली पुढची सिस्टर आत गेली. बाकावरून नवरा उठला.

"अगं, रडलीस तरी का जरा?"

"डॉक्टरांसमोर?"

त्याला हसू आलं, पण तिच्याकडे बघताच ते विरलं. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं होतं.

"मला तिथे पाठवू नकोस रे. मी मरेन. खरंच मरेन."

इतकं साधं वाक्य तिला आत सुचलं नव्हतं. नवरा जन्मात कधी कुणाशी आवाज चढवून न बोललेला माणूस. तो तिला तसाच घेऊन दाराशी गेला आणि ठोठावायला त्याने हात उचलला.

आत पुढची सिस्टर जबाब देत होती. आवाज शांत होता, स्पष्ट होता, एकही गोष्ट मागेपुढे होत नव्हती.