चाळीसजण थांबले तेव्हा

शिवशरण आप्पांनी उभं आयुष्य दुसऱ्याच्या गाण्याला साथ करण्यात घालवलं. मठात सोमवारी शिवभक्तीची वचनं गायला कोणीही बसो, आप्पा मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून त्याच्या शेजारी हजर. गाणारा चुको, अडखळो, खोकत बसो, साथ करणाऱ्यानं गज उचलायचा नाही, हा त्यांचा नेम. मध्येच साथ सोडणाऱ्याला ते माणसात धरत नसत.

आणि याच आप्पांनी सात वर्षांपूर्वी पोटच्या पोरीशी बोलणं टाकलं. का, तर रक्षिता मुंबईला जाऊन, उभ्यानं, व्हायोलिन हनुवटीखाली धरून विलायती वाजवायला शिकली. तिचे फोन आई शिवम्मा घ्यायची. आप्पा शेजारीच पेपर वाचत बसायचे, फोन संपेपर्यंत तेच ते पान.

रक्षिता चाळीसजणांच्या वाद्यवृंदाबरोबर कोल्हापुरात वाजवायला आली, तेव्हा शिवम्माच हटून बसली.

"न्हाई आवडलं तर उठून जावा. पर यायचं."

आप्पा आले. सभागृहाच्या दारात मिळालेली कार्यक्रमपत्रिका त्यांनी न वाचताच घडी घालून खिशात कोंबली. कॉन्चेर्टो नावाच्या त्या विलायती रचनेचं त्यांना काय कौतुक असणार? पण वाजवणं सुरू झालं आणि थोड्याच वेळात त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप फिरू लागला. पोरीचा सूर स्वच्छ होता. लहानपणी तो त्यांनीच घोटून घेतला होता.

मग एकाएकी चाळीसच्या चाळीसजण थांबले. त्यांना हातवारे करून वाजवायला लावणाऱ्यानंही हात खाली घेतले. रक्षिता एकटीच वाजवत राहिली.

आप्पांना वाटलं, पोरगी कुठंतरी चुकली असणार, आणि या दळभद्र्यांनी तिला भर सभेत सोडून दिलं. ते ताडकन उठले.

"अरं, धरा की तिला."

मठात कमावलेला आवाज, सगळ्यांना ऐकू गेला. मागून कोणीतरी म्हणालं, "पावणं, बसा की खाली." आप्पा बसले नाहीत. रक्षितानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, पण गज थांबवला नाही. तिचा एकटीचा सूर चढत गेला, उतरला, कुठंही अडखळला नाही. शेवटी तिनं एक लांब, थरथरता सूर धरला आणि चाळीसजण एकदम परत वाजवू लागले. तिथं थांबायचं आधीपासूनच ठरलेलं होतं, हे तेव्हा कुठं आप्पांच्या ध्यानात आलं. ते मटकन बसले. पुढं मान वर करायची त्यांची हिंमत झाली नाही.

कार्यक्रम संपल्यावर रक्षिता खाली आली, पाया पडली.

"आप्पा, तेवढं एकटीनंच वाजवायचं असतंय."

"मला वाटलं, सगळ्यांनी तुझी साथ सोडली."

"त्याची सवय हाय की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

आप्पांना स्वतःची लाज वाटली. मग त्यांनी तिच्या हातातली व्हायोलिनची पेटी घेतली.

"सोमवारी मठात ये," ते म्हणाले. "उभ्यानंच वाजीव. साथीला मी बसतो."