दुधाळ हुमणीचा बाबा

कोजागिरीच्या सकाळी कुरखेड्याजवळच्या आमच्या गावचं कुरण माणसांनी भरून गेलं होतं. गवत मात्र नव्हतं. मातीतल्या हुमणीच्या अळ्यांनी मुळ्या कुरतडल्या होत्या. गवत चिमटीत धरलं की मुळाशिवाय हातात येई. गुरांच्या बरगड्या दिसत होत्या, आणि गाव काय करत होता? दुग्धानंद महाराजांच्या पायांवर लोळत होता! मी शाळेचा मास्तर. माझं कोण ऐकतं?

महाराजांचं काम सोपं होतं. नाल्याकाठची ओली माती उकरायची, हुमणीची अळी काढायची, "जय माता! खून का दूध!" असं ओरडून तिचा पाय मोडायचा. पायातून पांढरा थेंब टपकला की लोकांचे डोळे पाण्यानं भरत.

"देवी भूखी है," महाराज म्हणाले. "दुधाच्या साऱ्या अळ्या वेचून होमात टाका. और एक दुभती गाय चढवा!"

दुभती गाय गावात एकच उरली होती, विधवा धुरपताबाईची.

"गाय देऊ, मंग माही नात काय पिईन?" ती रडत होती.

"देवीपेक्षा नात मोठी झाली काय तुले?" मुखरू पाटील गरजला. वा रे भक्त! स्वतःची गाय आटली होती ना.

एवढ्यात ब्रह्मपुरीचे गुरांचे डॉक्टर गुणवंतराव पोचले. हातात मडकं. मागच्या महिन्यात मीच त्यांना बोलावून ही जागा दाखवली होती.

"महाराज, नाला सोडा. त्या टेकाडावरची अळी घ्या," असं म्हणत त्यांनी स्वतः एक उकरून आणली.

महाराजांनी मंत्र म्हटला, पाय मोडला. थेंब आला पाण्यासारखा. दुसरी अळी, पुन्हा पाणीच.

"अपवित्र नजर लग गई!"

"माह्या मडक्याले नाई लागली काऊन?" डॉक्टरांनी मडक्यातल्या अळीचा पाय मोडला. पांढराशुभ्र थेंब! "टेकाडावरच्या निरोगी अळ्या महिनाभर या मडक्यात नाल्याकाठच्या मातीत ठेवल्या, बस. मंत्र नाई, होम नाई. भाऊ, हे दूध नोहे, रोग आहे. मातीतले जिवाणू अळीच्या पोटात जातात, रक्तात वाढतात, रक्त पांढरं होते अन् ती मरते. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाह्यलं."

"झूठ! ये अमृत है!"

"मंग प्या."

डॉक्टरांनी अळी त्यांच्या मिशीपर्यंत नेली. महाराज मागं सरकले. "आज... आज हमारा उपवास है."

"कोजागिरीले दुधाचा उपास?" धुरपताबाईनं विचारलं, आणि सगळं कुरण खो खो हसलं.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. "मेलेल्या अळीतून रोग मातीत पसरते, बाकीच्या हुमणीले मारते. गवताचं औषध तुमच्या पायाखाली होतं. अन् तुम्ही टोपलेच्या टोपले जाळून राह्यले!"

धुरपताबाईनं पाण्याची घागर उचलली आणि होमात ओतली. मुखरू पाटील उरलेली टोपली घेऊन टेकाडाकडं धावला, अळ्या मातीत पुरायला. धूर विरला तेव्हा महाराजही दिसेनात.

अहो शहाण्यांनो, अळीचा पाय मोडायला दोन बोटं लागतात, देव लागत नाही. नाल्यापासून चार पावलं दूर जाऊन एकानं जरी माती उकरली असती, तर पहिल्याच दिवशी हा भोंदू उघडा पडला असता. पुढच्या वेळी हात जोडण्याआधी तेच हात मातीत घाला.

त्या रात्री धुरपताबाईची नात कोजागिरीचं दूध प्यायली. गाईचं.