सोनपेठच्या ष्टॅन्डामागचा गेमचा डबा

मित्रांनो, कपाटायवढा डबा, त्यात टीव्ही, खाली एक दांडी आन दोन लाल बटनं, तेच मी. जुना व्हिडिओ गेम हाय. हसू नका, राग येतो मला.

सोनपेठला ष्टॅन्डामागं दत्तरावच्या सायकल दुकानात मला आनलं, तव्हा तुमचे बाप हाफपँटीत फिरायचे. बाजारच्या दिवशी दुकानात पाय ठिवायला जागा न्हवती. एका डावाला तीन जीव. दोन खेळनाऱ्याचे, तिसरा मागं उभा आसंल त्याचा. हा दत्तरावचा कायदा. खेड्यावरनं आलेल्या पोरायची ष्टी सुटायच्या आत सगळ्यायचा नंबर लागावा म्हनून.

"तिसरा सोड रे, मागं लेकरू उभं हाय!" दत्तराव पंक्चर काढता काढता वरडायचे. मोठमोठे दादा बी गुमान दांडी सोडायचे.

मंग मोबाईल आले आन पोरं गेली. माझ्या डोक्यावर टायर चढले, मागं उंदरानं घर केलं. वर्षानुवर्षं मी नुसता दाराकडं बघायलो. यायचं ते हवा भरून निघून जायचं.

परवा नागेश भंगारवाला टेम्पो घेऊन आला. दत्तराव म्हनले, "परभनीहून नात आलीय. तिला आवडला तर ठिवतो, न्हाईतर ने."

माझा जीव टांगनीला लागला.

पिंकी आठवीतली. तिनं आधी काचंवर बोट फिरवलं.

"आगं, दांडी धर दांडी! आन दोनच जीव तुझे, तिसरा मागच्याचा," दत्तराव म्हनले.

पयला जीव टीव्हीतल्या खड्ड्यात. दुसरा बी त्याच खड्ड्यात.

"आबा, सेव्ह कुठं करायचं?"

"सेव्ह फिव्ह न्हाई. मेलं की पयल्यापासून."

"हॅ! लय बोर हाय."

"मामा, उचलू का?" बाहेरून नागेश.

पिंकीनं मागं बघितलं. आबाच उभे होते. "घ्या, तुमचा नंबर."

दत्तरावनी दांडी धरली. उडी न मारता टीव्हीतला गडी सरळ चालत खड्ड्यात!

"आबा! तुमाला येतच न्हाई?" पिंकी हसायली.

"कव्हा खेळू, बाई? मागं कोनतरी उभंच ऱ्हायचं की."

मी गार पडलो. मला पुसलं त्यांनी, माझ्या वायरी जोडल्या त्यांनी, आन येवढ्या वर्षात मला कळलं न्हाई की ह्या मानसानं दांडी कधी धरलीच न्हाई.

पिंकी हसायची थांबली. "नागेशमामा, आज न्हाई," म्हनली. "आबा, खड्ड्याच्या आधी लाल बटन. पुना चालू करा."

नागेश रिकामा गेला. दोन दिवसानं पिंकी बी परभनीला गेली. आता आमी दोघंच. दुपारी दत्तराव मला चालू करतेत. फोनवर पिंकी इचारती, "आबा, खड्डा ओलांडला का?" "न्हाई गं, पडायलोय अजून." फोन ठिवला की दुकानात नुसता माझा पिक-पिक आवाज.

मित्रांनो, मला वळखलं न्हाई तर तुमचं काय बी अडनार न्हाई. मी पाया पडनार न्हाई. पन तुमच्या बी घरात आसं एखादं मानूस आसंल, ज्यानं सगळ्यायला खेळवलं आन सोता कधी खेळलं न्हाई. त्याच्या हातात एकदा दांडी द्या. आन तो पडला तर लगेच निघून जाऊ नका. जरा बाजूला उभे ऱ्हावा.