हौदावरचा पत्रा

सत्यशीलाचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. भागवतरावांच्या नव्या घराची वास्तुशांती, दोनशे माणूस जेवायला, आणि नेमकी आजच मोटार पाणी उचलेना! अंगणात जमिनीखाली हौद, त्यातल्या पाईपाचा जोड निखळलेला. म्हणजे रिकाम्या हौदात उतरायचं आणि त्या बंद जागेत पाईप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा उघडायचा. त्या वासानं धडधाकट माणूस आडवा होतो, हे ती प्लंबिंगच्या कोर्सात शिकली होती आणि बापाला शंभरदा सांगून दमली होती.

बाप म्हणजे रायभान. तीस वर्षं पाईप चिकटवत आलेला. ऐकायचं नाही म्हणजे नाहीच.

"आबा, काखेखालून दोर बांधा. दुसरं टोक वर खांबाला."

"मला काय मेंढरू समजली का?" रायभान चारचौघांत हसला. त्याच्या बापानं जन्मभर मेंढरं वळली, म्हणून ते दोराचं बोलणं त्याला जरा जास्तच झोंबलं होतं.

"बरं, मंग एवढं तरी ऐका. मी अंबडहून पाईपाच्या जोडाचा नवा टी घेऊन येईस्तोर डबा उघडू नका."

"जाय. जल्दी ये."

ती तासाभरात परतली, तर हौदाच्या तोंडावर पत्रा! वर दोन विटा.

"आबा कुठंयत?"

"आतच की, काम करून राह्यला," भागवतराव उपरणं सावरत म्हणाले. "मीच म्हणलं, कशाला थांबतो, जुनाच टी बसव. पर काय तो वास, बाप रे! पूजेत बसवंना. म्हणून पत्रा टाकला."

सत्यशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं लाथेनं विटा उडवल्या आणि पत्रा फेकून दिला. वासाचा भपकारा तोंडावर आला. तिनं तोंड बाजूला करून मोबाईलची बॅटरी आत मारली. रायभान भिंतीला टेकून बसला होता आणि त्याची मान छातीवर पडली होती.

"आबा! ओ आबा!"

ओ नाही.

मांडववाला संपत उडी टाकायलाच निघाला. तिनं त्याची कॉलर धरून मागं ओढलं. "तूबी मरशील! कुणीच उतरायचं न्हाई. आन ती उदबत्ती इझवा आधी, ह्या वाफेला आग लागती, डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

तेवढ्यात तिला खांबाला बांधलेला दोर दिसला. तो हौदात गेला होता आणि रायभानच्या काखेखालून फिरला होता. छातीवर गाठ होती, मेंढराच्या गळ्याला घालतात ती, कितीही ओढली तरी न आवळणारी.

चौघांनी ओढून त्याला वर काढलं. उघड्या हवेत तो खोकला, ओकला आणि मोठ्या कष्टानं म्हणाला, "जोड झालाय. उद्यापर्यंत पाणी सोडू नका."

"चला, देवानं राखलं!" भागवतरावांचा जीव भांड्यात पडला. "सत्यशीला, पाव्हण्यांसमोर आता बोभाटा नको करू."

झालं! तिनं पिशवीतून अंबडहून टीसोबत आणलेला सोल्युशनचा नवा डबा काढला, झाकण उघडलं आणि त्यांच्या पुढ्यात धरला.

"घ्या. देवघरात जाऊन बसा हा घेऊन. बाहेरून कडी मी लावते."

भागवतरावांनी नाकाला उपरणं लावलं. "येडी झाली का तू?"

"झाले! तुमाला वास आला तर पत्रा टाकला. आत माणूस व्हता, त्याला नाक न्हाई का?"

"तो काही बोलला न्हाई, मंग मला वाटलं..."

"बोलंल कसा?"

संपतनं गुपचूप जीप दारात आणली.

दवाखान्याच्या वाटेवर बापाचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

"डबा का उघडला तुमी?"

रायभाननं डोळे मिटून घेतले.

"आन दोर का बांधला? मेंढरू न्हाई ना तुमी?"

"तू गेल्यावर बांधला," तो डोळे मिटूनच पुटपुटला. "तू लई भांडती म्हणून."

तिनं डोळे पुसले. छातीवरची गाठ तशीच होती, ती सोडायला तिचा हात धजेना.

"मंग उद्यापासून दुप्पट भांडते," ती ओरडली. "बिलकुल ऐकणार न्हाई मी तुमचं!"