बिनकामाचं फिरणं

माणूस चालतो ते कामाला. शेतावर, बाजाराला, जत्रेला, नायतर मयताला. बाई चालते ती विहिरीला आणि फार झालं तर माहेराला. याच्या बाहेर कुणी चालताना दिसला की समजावं, काहीतरी काळंबेरं हाय. आमच्या कडाव गावात तेव्हा असंच समजायचे, आणि मलाबी ते बरोबरच वाटायचं.

म्हणून आमचे मालक लढाईवरून आले आणि फिरण्याच्या गोष्टी सांगायला लागले, तेव्हा माझा त्यातल्या एका शब्दावर विश्वास बसला नाय.

आमचं लगीन झालं आणि अंगाची हळद उतरायच्या आत ते पलटणीत भरती झाले होते. आधी मिसर देश, मग इटली. लढाई संपली तरी माघारी यायला बोट मिळेना, म्हणून तिथंच अडकून पडले. दिवाळीच्या सुमाराला लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन घरी आले, तेव्हा मी त्यांना ओळखलं ते सासू रडायला लागली म्हणून.

गाव ओटीवर जमायचं. लढाईचं विचारलं की मालक गप्प. पण फिरण्याचं काढलं की थांबायचं नाव नाय. लढाई संपल्यावर जवान नुसते बसून एकमेकांच्या उरावर बसायला लागले, तेव्हा म्हणे साहेबानं दहा-बाराजणांची टोळी केली, एकेकाला सायकल दिली आणि कुठल्याशा मोठ्या तळ्याकाठी सुट्टीला धाडून दिलं. सकाळी तळ्याच्या कडेनं सायकली हाणायच्या, मग त्या कुणाच्या तरी अंगणात टाकून डोंगर चढायचा, वर बसून पाव खायचा आणि उतरायचं. एक पंजाबी हवालदार जन्मात सायकलवर बसला नव्हता. तो उतारावरून जो सुटला तो फेट्यासकट तळ्यात. हे सांगताना मालक स्वतःच इतके हसायचे की पुढचं कळायचं नाय.

मामंजी, म्हंजे माझे सासरे, हिशेबी माणूस. त्यांनी विचारलं, "वर काय होतं रं, गजा?"

"काय नाय. तळं दिसायचं."

"ते खालनं दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की."

"वर देव होता?"

"नाय."

"लाकूडफाटा?"

"नाय, बा. नुसतं बघायला जायचं. लढाईच्या आधी तिथली माणसं पदरचे पैसे देऊन अशी टोळीनं फिरायची."

मामंजींनी पानाला चुना लावला. रात्री सासूला म्हणाले, पोराला तिकडं कैद झाली असंल, दगड फोडायला डोंगरावर नेत असतील, लाजेपायी फिरणं म्हणून सांगतोय. ते मी आतनं ऐकलं.

माझा संशय निराळा होता. टोळीला वाट दाखवायला म्हणे एक बाई होती. पुढं चालायची, मधेच थांबून मागचा माणूस आला का बघायची, कुणाच्या टाचेला फोड आला तर पट्टी बांधायची. परक्या पुरुषाच्या टाचेला! मी भाकरी थापता थापता विचारलं, "केवढी होती?"

"म्हातारी होती गं. केस पांढरे."

"तिकडं सगळ्यांचेच पांढरे असतात," मी म्हटलं. पलटणीतल्या दुसऱ्या एकाच्या बायकोनं मला सांगितलं होतं.

असं वर्ष गेलं आणि घरात पाळणा काय हलला नाय. सासूनं उपास धरायला लावले, नवस बोलायला लावले. शेजारणी बोलायच्या, लग्नाला सहा वर्षं झाली अजून कूस उजवली नाय. आता सहातली पाच नवरा लढाईवर. पोर काय पोष्टानं येणार होतं? पण हे मी मनात बोलायचे. तोंडावर बोलायची सोय नव्हती.

मग सासू खालापूरला आपल्या बहिणीकडं जाऊन आली आणि आल्यापासून माझ्याशी गोड बोलायला लागली. माझ्या ताटात स्वतः तूप वाढलं. मला तिथंच वास आला. आमच्या आळीतल्या कोंडीला तिच्या नवऱ्यानं टाकलं, त्याच्या आधी तिलाबी अशीच तूप वाढत होती तिची सासू. "चल, तुझ्या आईला भेटून येऊ," म्हणून नवऱ्यानं तिला नवं लुगडं नेसवून नेलं आणि माहेरच्या दारात सोडून मागच्या मागं परत आला. पुढच्या लगीनसराईत दुसरी घेऊन आला. कोंडी अजून भावाच्या घरी शेण काढते.

मार्गशीर्षात, भात झोडून झालं तेव्हा, मालक जेवता जेवता म्हणाले, "उद्या सकाळी जायचं हाय. ते नवं लुगडं नेस."

"कुठं?"

"पळसदरीच्या पुढं."

पळसदरीच्या पुढं जांबरुंग. माझं माहेर.

"काय काम हाय?" मी विचारलं.

"काम काय नाय. आये आणि बा दोघंबी येणार हायेत."

लगीन जमवायला वडीलधारी माणसं लागतात आणि मोडायलाबी तीच लागतात. घरातली चौघं मिळून सुनेच्या माहेराला निघाली आणि काम काय नाय? दूधखुळी समजतात काय मला, असं वाटलं.

विहिरीवर जिजाला सांगितलं. जिजा आमची शेजारीण, माझ्या जिवाची. ती घागर विसरून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "शकू, कोंडीला एकट्यानं नेऊन टाकलं. तुझा नवरा मोठ्यांना घेऊन जातोय. रीतभात तरी हाय त्याला." हे तिनं माझं समाधान करायला म्हटलं. मी तिथनं उठले ती धड घरी कशी आले मला ठाव नाय.

सकाळी भाकऱ्या, लसणाची चटणी, कांदे, सगळं फडक्यात बांधलं. निघताना बघते तर सासूच्या काखेत एक गाठोडं. "काय हाय ते?" विचारलं तर म्हणाली, "घोंगडी. थंडीचं बसायला." मी हात पुढं केला. सून असताना सासूनं ओझं वाहायचं म्हंजे काय? तर ती म्हणाली, "राहू दे गं, हलकंच हाय." घरात पाण्याचा तांब्या स्वतः न उचलणारी बाई कर्जतपर्यंत गाठोडं वाहत आली. मला देईना, मालकांना देईना, मामंजींनाबी देईना.

मालक पुढं. थोडं चालले की वळून बघायचे, सगळे आलो का. मधेच थांबायचे. "दमलीस का? पाणी हवं? ते बघ, भिवपुरीकडचा डोंगर कसा दिसतोय." लग्नाला सहा वर्षं झाली, कधी मला विचारलं नाय दमलीस का. कसाई बोकडाला पाला घालतो तसलं ते विचारणं वाटलं मला. मी हो-नाय काय बोलले नाय. मालकांचं तोंड उतरायचं, मग पुन्हा पुढं जाऊन काहीतरी दाखवायचे.

वाटेत जो भेटेल तो विचारायचा, "कुठं निघाली मंडळी?" आणि मालक हसून सांगायचे, "फिरायला." ऐकणारा आधी त्यांच्याकडं बघायचा, मग माझ्या नव्या लुगड्याकडं, मग सासूच्या गाठोड्याकडं. आणि मान खाली घालून वाटेला लागायचा. मालकांना काय ते दिसत नव्हतं. मला तर एकेक नजर चावत होती.

मी चालता चालता मनाशी ठरवलं. बापाच्या दारात जाऊन तमाशा नको. माझ्या बापानं मला हौसेनं दिली होती. त्याच्या पायरीवर मला ठेवून ही माणसं वळली तर तो तिथंच बसेल, पुन्हा उठणार नाय. जे काय व्हायचं ते वाटेतच होऊ दे.

पळसदरी मागं पडली. पुढं रुळाच्या कडेला एका आंब्याखाली वाट फुटते. एक खालनं जांबरुंगला, एक वर ठाकुरवाडीच्या ठेसनाकडं. मालक थांबले आणि म्हणाले, "आता इथनं..."

मी मटकन खाली बसले.

"मी येणार नाय," म्हटलं. "टाकायची असंल तर इथंच टाका. माझ्या बापाच्या दारात नेऊ नका. माझं काय चुकलं ते तरी सांगा. पाच वर्षं तुमच्या आईबापांचं केलं, तुमची तीन पत्रं आली ती उशाखाली घेऊन झोपले. त्या पांढऱ्या केसाच्या बाईकडं जायचं असंल तर जा. पण मला असं लुगडं नेसवून, पाणी पाजून फसवू नका."

मालकांनी विचारलं, "कुणाला टाकायची?"

"मला."

आणि ते हसले. हातात दगड असता तर मी मारला असता.

"अगं, आपण ठाकुरवाडीला चाललोय," ते म्हणाले. "वरनं घाट बघायला. भाकर खाऊ आणि संध्याकाळच्या आत घरी. आये, ऐकलंस का, हिला काय वाटलं ते?"

ते आईबापांकडं वळले, त्यांनीबी हसावं म्हणून. कुणी हसलं नाय. मामंजी रुळाकडं बघत होते. सासूनं गाठोडं छातीशी धरलं होतं.

"घोंगडी दे, आये. हिला जरा बसू दे."

ती देईना. मालकांनी हातातनं घेतलं तशी गाठ सुटली. माझी दोन लुगडी, चोळ्या, फणी-करंडा आणि माझ्या बापानं दिलेला पितळेचा तांब्या. घोंगडी नव्हती.

मालकांचं हसू कुठं गेलं कोण जाणे. "हे काय?"

"तूच म्हणालास ना जायचं हाय," सासू म्हणाली. "नवं लुगडं नेस म्हणालास. जांबरुंगच्या वाटेला, आम्हा दोघांना घेऊन. काम काय तर नाय. मग माणसानं काय समजायचं रं? मला वाटलं, तुला बोलायला जड जातंय, आपण समजून घ्यावं."

"आणि समजून तिचे कपडे बांधलेस."

"पोर नाय घरात, गजा. खालापूरला माझ्या बहिणीच्या नात्यातली मुलगी हाय. मी बघून आले. शब्दबी टाकलाय."

म्हंजे मी फिरण्याबद्दल चुकले होते आणि तुपाबद्दल बरोबर होते. मला वाटलं होतं, खरं कळलं की बरं वाटेल. बरं काय वाटलं नाय.

मालक माझ्यासमोर उकिडवे बसले. आईबापांसमोर नवरा बायकोशी असा कधी बसत नसे. म्हणाले, "तिथं वर पोचलं की ती म्हातारी सगळ्यांना विचारायची, घरचं कोण असतं तर इथं आणलं असतं? मी तुझं नाव सांगितलं. मग ती म्हणाली, कशी हाय तुझी बायको? शकू, मला काय सांगता येईना. तुझं तोंडबी नीट आठवेना. तवाच ठरवलं, घरी गेलो की हिच्याबरोबर एकदा चालायचं. काम नसताना."

"हे घरी सांगता येत नव्हतं?"

"घरी तू सापडतेस कुठं? चुलीशी असतेस, नायतर आयेसमोर."

"मग मला एकटीला आणायचं."

"गावानं काय म्हटलं असतं? म्हणून तर यांना घेतलं, मर्यादेनं जावं म्हणून."

माझे डोळे भरून आले, पण मी अजून फसायला तयार नव्हते. सासू-सासरे उभे असतानाच विचारलं, "आणि मला पोर झालंच नाय तर?"

त्यांनी लगेच उत्तर दिलं नाय. खोटं बोलणारा लगेच बोलला असता, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र तेवढ्या वेळात माझं बापाच्या घरचं शेण काढून झालं होतं.

"नाय तर नाय," ते म्हणाले. "आये, खालापूरला शब्द तू टाकलास, परतबी तूच आण. आणि हे गाठोडं घरी ने."

सासूला हे तिच्या पोराकडनं ऐकायची सवय नव्हती. ती मामंजींकडं बघायला लागली. मामंजी म्हणाले, "चल. आपल्याला वर काय काम हाय?" आणि ती दोघं माघारी वळली.

आमी दोघं वर गेलो. वर खरंच काय नव्हतं. ठेसन, चार झोपड्या आणि खाली सगळा मुलूख पसरलेला. भाकर खाल्ली. मालकांनी विचारलं, कसं वाटतंय? मी म्हटलं, पाय दुखतात. त्यांना त्यातबी आनंद झाला. मग मी त्यांना इतकं बोलले, इतकं बोलले, की उतरताना घसा बसला होता. सहा वर्षांचं साठलं होतं.

गावात शिरलो तेव्हा जिजानं मला बघून कपाळाला हात लावला. दुपारी सासूला गाठोड्यासकट येताना बघून तिनं भर वाटेत विचारलं होतं, "सोडून आलात का शकूला?" आणि सासूनं मान न वळवता सांगितलं होतं, "कुणाला सोडायचं? फिरायला गेलो होतो."

घरात पाऊल टाकलं तर गाठोडं मधोमध पडलेलं, वाटेत परत मारलेली गाठ तशीच. सासू जवळ बसून होती. मी पाय धुतले आणि म्हटलं, "आत्याबाई, तुमी बांधलंत, तुमीच सोडा."

तिनं सोडलं. लुगडी दांडीवर टाकली, चोळ्या घडी करून ठेवल्या, तांब्या फळीवर गेला. मालक दारात उभे राहून बघत होते. शेवटी करंडा राहिला. तो तिनं उघडला, बोटाला कुंकू घेतलं आणि हात माझ्याकडं केला. मी तशीच उभी राहिले. तिनं हात काय मागं घेतला नाय.

मी कपाळ पुढं केलं. पण डोळे मिटले नाय.